विद्यार्थ्यांचे परदेशी उच्च शिक्षण : प्रदेशनिहाय तुलना

विद्यार्थ्यांच्या परदेशी उच्च शिक्षणाची प्रदेशनिहाय तुलना हा शिक्षणविषयक सांख्यिकीचा एक भाग आहे. महाविद्यालयीन व विद्यापीठीय शिक्षण घेणाऱ्यांपैकी किती जण आपला देश सोडून दुसऱ्या देशात शिकतात, कोणत्या प्रदेशातून किती जातात आणि कोठे जातात, याचा विचार त्यात केला जातो. युनेस्को सांख्यिकी संस्थेच्या आकडेवारीनुसार अशा विद्यार्थ्यांची संख्या १९९९ साली सुमारे १७.५ लाख, २००४ साली सुमारे २५ लाख आणि २०२० साली ६० लाखांहून अधिक होती. याच काळात जगातील एकूण उच्च शिक्षणही झपाट्याने विस्तारले. २००० साली जगात उच्च शिक्षण घेणारे सुमारे १० कोटी होते. २०२०पर्यंत ही संख्या २३ कोटींच्या पुढे गेली. त्यामुळे परदेशी शिकणाऱ्यांची संख्या तिपटीच्या आसपास वाढूनही त्यांचे जागतिक प्रमाण दर १०० विद्यार्थ्यांमागे दोन ते तीन एवढेच राहिले आहे.

सर्वाधिक विद्यार्थी चीन व भारत या दोन देशांतून बाहेर जातात, हे सर्वश्रुत आहे. मात्र विद्यार्थिसंख्येशी ताडून पाहिल्यास क्रम जवळजवळ उलटा होतो. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिका आणि मध्य आशिया हे प्रदेश अग्रभागी येतात, भारत व चीन जागतिक सरासरीच्या खाली जातात आणि उत्तर अमेरिका तळाशी राहते. तिसऱ्या एका मापाने मोजले, तर हा क्रमही टिकत नाही. म्हणून ‘कोणत्या प्रदेशातील विद्यार्थी अधिक संख्येने परदेशी जातात?’ या प्रश्नाला, कोणते माप वापरले हे सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

संज्ञा

शिक्षणासाठी देशाची किंवा प्रशासकीय प्रदेशाची सीमा ओलांडून आलेला आणि मूळ देशाबाहेरील संस्थेत नाव नोंदवलेला विद्यार्थी म्हणजे ‘आंतरराष्ट्रीय गतिशील विद्यार्थी’, अशी युनेस्कोची व्याख्या आहे. ‘परदेशी नागरिक असलेला विद्यार्थी’ ही संज्ञा तिच्याहून वेगळी आहे. जर्मनीत जन्मलेला, तेथेच शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेला, परंतु तुर्की नागरिकत्व असलेला तरुण जर्मन विद्यापीठात गेला, तर तो परदेशी नागरिक असला तरी शिक्षणासाठी स्थलांतरित झालेला नसतो. जर्मन सांख्यिकीत अशा विद्यार्थ्यांसाठी ‘बिल्डुंग्सइनलेंडर’ असा स्वतंत्र शब्दच आहे. सर्व देश हा भेद पाळत नाहीत. काही देश आधीचे शिक्षण कोठे झाले हे पाहतात, काही कायमचे वास्तव्य पाहतात, तर काही केवळ पारपत्र.

दुसरा भेद मुक्कामाच्या हेतूचा व कालावधीचा आहे. पूर्ण पदवीसाठी परदेशी जाणे आणि आपल्याच विद्यापीठाच्या पदवीचा एखादा भाग परदेशात पूर्ण करून परत येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकाराला पदवी-गतिशीलता आणि दुसऱ्याला श्रेयांक-गतिशीलता म्हणतात. युनेस्कोच्या आकड्यांत एक वर्षाहून कमी मुदतीची श्रेयांक-गतिशीलता धरली जात नाही. दूरशिक्षण घेणारे आणि परदेशी विद्यापीठाच्या स्वदेशातील शाखेत शिकणारे विद्यार्थीही त्यांत येत नाहीत. मलेशियात राहून नॉटिंगहॅम विद्यापीठाची पदवी घेणारा मलेशियन विद्यार्थी या गणनेत स्वदेशीच असतो.

तीन मापे

पहिले माप निव्वळ संख्येचे आहे. यजमान विद्यापीठे, दूतावास व वृत्तपत्रे बहुधा याच मापाचा आधार घेतात. मोठ्या लोकसंख्येचे देश त्यात साहजिकच वरच्या स्थानी येतात.

दुसरे माप बहिर्गामी प्रमाणाचे. परदेशी शिकणाऱ्यांच्या संख्येला स्वदेशात उच्च शिक्षण घेणाऱ्यांच्या संख्येने भागून ते काढतात. भाजक स्वदेशातील नोंदणीचा असल्यामुळे हे प्रमाण १००च्या पुढेही जाऊ शकते. अँडोरा व लक्झेंबर्ग या छोट्या युरोपीय देशांच्या बाबतीत तसे घडलेले आहे, कारण तेथील बहुसंख्य तरुण शेजारच्या देशांत शिकतात. लक्झेंबर्गमध्ये स्वतःचे विद्यापीठच २००३ साली स्थापन झाले. या मापाची आणखी एक खोच लक्षात ठेवण्याजोगी आहे. समजा, एखाद्या देशात १,००० विद्यार्थी स्वदेशात व ६० परदेशात शिकत आहेत, म्हणजे प्रमाण ६ टक्के. काही वर्षांनी स्वदेशातील संख्या ३,००० आणि परदेशातील १२० झाली, तर प्रमाण ४ टक्क्यांवर उतरेल. बाहेर जाणारे दुप्पट झाले, तरी आकडा मात्र घट दाखवील. विकसनशील देशांच्या बाबतीत हे प्रमाण घसरणे म्हणजे पुष्कळदा घरची महाविद्यालये वाढणे होय.

तिसरे माप तरुण लोकसंख्येशी ताडून काढतात. उच्च शिक्षणाच्या वयोगटातील दर १०० तरुणांमागे किती जण परदेशात शिकत आहेत, हे त्यात पाहिले जाते. ते चर्चेत फारसे येत नाही. तरीही दुसऱ्या मापाने होणारा गैरसमज दूर करण्यास तेच उपयोगी पडते. २००४च्या आकडेवारीवरून हे स्पष्ट होते. त्या वर्षी सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतील सुमारे १६ विद्यार्थ्यांमागे एक परदेशात शिकत होता, तर उत्तर अमेरिकेतील २५० विद्यार्थ्यांमागे एक. यावरून आफ्रिकी विद्यार्थी जगात सर्वाधिक गतिशील ठरले, आणि ते विधान विद्यार्थ्यांपुरते बरोबरही होते. परंतु त्या काळी आफ्रिकेच्या या भागात उच्च शिक्षणाचे सकल नोंदणी प्रमाण जेमतेम ५ टक्के होते आणि उत्तर अमेरिकेत ते ८० टक्क्यांच्या आसपास होते. दोन्ही आकड्यांचा गुणाकार केल्यास दोन्हीकडे ढोबळमानाने दर १,००० तरुणांमागे तीन असे एकच उत्तर येते. आफ्रिकेत विद्यार्थी झालेल्याला परदेशी जाण्याची शक्यता मोठी होती, पण मुळात विद्यार्थी होणेच दुर्मीळ होते.

सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिका

या प्रदेशाचे बहिर्गामी प्रमाण दीर्घकाळ जागतिक सरासरीच्या दुपटीच्या आसपास किंवा अधिक राहिले आहे. त्यामागचे प्रमुख कारण स्वदेशातील जागांची टंचाई हे आहे. अनेक देशांत वैद्यक, अभियांत्रिकी व पदव्युत्तर विज्ञान शाखांच्या जागा अत्यल्प आहेत. काही लहान देशांत तर सर्वसाधारण विद्यापीठही उशिरा आले. केप व्हर्दे या द्वीपराष्ट्रात सार्वजनिक विद्यापीठ २००६ साली सुरू झाले. तोपर्यंत पदवीसाठी पोर्तुगाल किंवा ब्राझील गाठणे हाच तेथील विद्यार्थ्यांचा रुळलेला मार्ग होता.

कोठे जायचे हे पुष्कळ अंशी वसाहतकालीन भाषा ठरवते. सेनेगल, कॅमेरून, आयव्हरी कोस्ट व गॅबन येथील विद्यार्थ्यांचा ओघ फ्रान्सकडे असतो, कारण माध्यमिक शिक्षणाची भाषा व पदव्यांची रचना दोन्ही फ्रेंच वळणाची आहेत. नायजेरियाचे विद्यार्थी ब्रिटन, अमेरिका व कॅनडाकडे वळतात. तथापि सर्व प्रवाह खंडाबाहेर जातात असे नाही. आफ्रिकेच्या दक्षिण भागातील देशांनी १९९७ साली शिक्षण व प्रशिक्षणविषयक करार केला. त्यानुसार सदस्य देशांनी आपल्या उच्च शिक्षण संस्थांतील किमान ५ टक्के जागा इतर सदस्य देशांच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवाव्यात व त्यांच्याकडून स्थानिकांइतकेच शुल्क घ्यावे, असे ठरले. झिंबाब्वे, लेसोथो, नामिबिया येथील विद्यार्थ्यांना त्यामुळे दक्षिण आफ्रिका हे जवळचे केंद्र झाले.

एकविसाव्या शतकात या चित्रात चीनची भर पडली. चिनी शिक्षण मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०१८ साली चीनमध्ये ८१,५६२ आफ्रिकी विद्यार्थी होते. ही संख्या भाषावर्ग व अल्प मुदतीचे अभ्यासक्रम धरून आहे, त्यामुळे युरोपीय देशांच्या पदवी-गतिशीलतेच्या आकड्यांशी ती थेट ताडता येत नाही.

मध्य आशिया

मध्य आशियातील प्रमाण मोठे असण्याची कारणे आफ्रिकेसारखीच आहेत, पण इतिहास निराळा आहे. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर जे पूर्वी एकाच देशातील स्थलांतर होते, ते सांख्यिकीच्या दृष्टीने परदेशगमन झाले. समरकंदहून मॉस्कोला शिकायला जाणारा विद्यार्थी १९९० साली स्वदेशी होता; १९९२ साली तो परदेशी झाला. रशियन भाषा व सारख्या धर्तीच्या पदव्या यांमुळे रशिया हेच आजही मुख्य गंतव्य आहे.

उझबेकिस्तानात २०१०च्या दशकात प्रवेशपरीक्षा देणाऱ्यांपैकी साधारण दहांत एकालाच जागा मिळत असे. उरलेल्यांपैकी अनेक जण रशिया, कझाकस्तान व किर्गिझस्तानकडे वळले. त्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील शासनाने जागा वाढवल्या, खाजगी संस्थांना व परदेशी विद्यापीठांच्या शाखांना परवानगी दिली. कझाकस्तानने १९९३ साली ‘बोलाशाक’ शिष्यवृत्ती सुरू केली. परदेशातील शिक्षण संपल्यावर मायदेशी येऊन ठरावीक वर्षे काम करण्याची अट तीत आहे आणि हमी म्हणून तारणही घेतले जाते. शिकवून पाठवलेला विद्यार्थी परत यावा ही चिंता येथे कायदेशीर कलमांत उतरलेली दिसते.

अरब देश

अरब देशांत दोन स्वतंत्र प्रवाह आहेत. मोरोक्को, अल्जीरिया व ट्युनिशिया यांचे विद्यार्थी प्रामुख्याने फ्रान्सला जातात व बहुधा स्वखर्चाने शिकतात. आखाती देशांतील प्रवाह शासकीय शिष्यवृत्त्यांवर चालतो, म्हणून तो अर्थसंकल्पाबरोबर वरखाली होतो. सौदी अरेबियाने २००५ साली राजे अब्दुल्ला यांच्या नावाची शिष्यवृत्ती योजना सुरू केली. अमेरिकेतील सौदी विद्यार्थी २०१५-१६ साली ६०,०००च्या वर गेले. तेलाच्या किमती घसरल्यावर शिष्यवृत्तीचे निकष कडक झाले आणि २०२२-२३पर्यंत ही संख्या २०,०००च्या खाली आली. २०१८ साली कॅनडाशी राजनैतिक वाद उद्भवल्यावर सौदी शासनाने तेथील आपल्या शिष्यवृत्तीधारकांना अन्यत्र जाण्यास सांगितले होते.

पूर्व आशिया व प्रशांत प्रदेश

निव्वळ संख्येच्या दृष्टीने हा प्रदेश जगात सर्वांत मोठा आहे. युनेस्कोच्या गणनेनुसार २०२०च्या सुमारास १० लाखांहून अधिक चिनी विद्यार्थी परदेशात शिकत होते. चीनमधील उच्च शिक्षणाचा व्याप मात्र एवढा मोठा आहे की हे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपासच राहते. हाँगकाँग व मकाऊ यांची गणना स्वतंत्र प्रदेश म्हणून होत असल्याने शेन्झेनहून हाँगकाँगला शिकायला गेलेला विद्यार्थीही ‘गतिशील’ ठरतो. जपानचे चित्र वेगळे आहे. तेथून परदेशी जाणाऱ्यांची संख्या २००४च्या सुमारास ८०,०००च्या पुढे होती. २०१०पर्यंत ती ६०,०००च्या खाली आली. घटती तरुण लोकसंख्या, पदवीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातच होणारी नोकरभरती आणि देशातील विद्यापीठांत सहज मिळणारा प्रवेश, ही त्याची नेहमी सांगितली जाणारी कारणे आहेत.

प्रशांत महासागरातील बेटांचे उदाहरण व्याख्येच्या मर्यादा दाखवते. १९६८ साली स्थापन झालेले दक्षिण प्रशांत विद्यापीठ १२ देशांच्या सामायिक मालकीचे असून त्याचे मुख्य केंद्र फिजीतील सुवा येथे आहे. किरिबाटीचा विद्यार्थी सुवा येथे शिकतो तेव्हा तो परदेशी विद्यार्थी म्हणून मोजला जातो; वस्तुतः ते विद्यापीठ त्याच्या देशाचेही असते.

युरोप व अमेरिका खंड

युरोपात पदवी-गतिशीलतेपेक्षा श्रेयांक-गतिशीलता अधिक परिचित आहे. १९८७ साली ११ देश व ३,२४४ विद्यार्थ्यांनिशी सुरू झालेल्या इरॅस्मस योजनेने एखादे सत्र दुसऱ्या देशात घालवणे रूढ केले. युरोपीय उच्च शिक्षण क्षेत्रातील मंत्र्यांनी २००९ साली लूव्हेन येथे २०२०पर्यंत पदवी घेणाऱ्यांपैकी किमान २० टक्क्यांनी परदेशात शिक्षण वा प्रशिक्षण घेतलेले असावे, असे उद्दिष्ट ठेवले. संघातील देशांनी परस्परांच्या विद्यार्थ्यांना समान शुल्क लावावे लागत असल्यामुळे काही ठिकाणी अडचणही झाली. जर्मनीत वैद्यकीय प्रवेश न मिळालेले विद्यार्थी मोठ्या संख्येने ऑस्ट्रियात येऊ लागल्यावर त्या देशाने २००६ साली ७५ टक्के वैद्यकीय जागा स्थानिकांसाठी राखून ठेवल्या.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ‘परदेशात शिकणे’ या शब्दप्रयोगाचा अर्थच निराळा आहे. तेथील आंतरराष्ट्रीय शिक्षण संस्थेच्या वार्षिक अहवालानुसार २०१८-१९ साली सुमारे ३.४७ लाख अमेरिकी विद्यार्थ्यांनी परदेशात शिकून श्रेयांक मिळवले. परंतु त्यांतील जवळजवळ दोन तृतीयांश आठ आठवडे किंवा त्याहून कमी काळ गेले होते. हा आकडा आफ्रिकी पदवी-विद्यार्थ्यांच्या आकड्याशेजारी ठेवणे म्हणजे सहल आणि स्थलांतर यांची तुलना करणे आहे, आणि लोकप्रिय लेखनात ती चूक वारंवार आढळते. लॅटिन अमेरिकेचे बहिर्गामी प्रमाण कमी आहे. अर्जेंटिनातील सार्वजनिक विद्यापीठांत प्रवेश खुला व शिक्षण निःशुल्क असल्यामुळे तेथे ब्राझील व इतर शेजारी देशांतून विद्यार्थी येतात.

दक्षिण आशिया व भारत

नेपाळ हा या प्रदेशातील सर्वांत ठळक अपवाद आहे. २०२०च्या सुमारास स्वदेशात शिकणाऱ्या दर पाच विद्यार्थ्यांमागे साधारण एक नेपाळी विद्यार्थी परदेशात होता. परदेशी शिक्षणासाठी तेथील शासनाकडून ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. २०२२-२३ या आर्थिक वर्षात अशी एक लाखाहून अधिक प्रमाणपत्रे दिली गेली.

भारताच्या बाबतीत तीन वेगवेगळे आकडे प्रचारात असून ते परस्परविरोधी भासतात. युनेस्कोच्या गणनेत २०२०च्या सुमारास सुमारे ५ लाख भारतीय विद्यार्थी परदेशात होते. भारताच्या इमिग्रेशन विभागाच्या नोंदीनुसार शिक्षणाचे कारण सांगून देशाबाहेर गेलेल्यांची संख्या २०१९ साली सुमारे ५.८६ लाख, महासाथीच्या २०२० साली सुमारे २.६ लाख आणि २०२२ साली सुमारे ७.५ लाख होती. परराष्ट्र मंत्रालयाने २०२४ साली परदेशातील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या १३ लाखांच्या वर सांगितली. यांतील इमिग्रेशनचा आकडा वर्षभरातील प्रस्थानांचा आहे, तर उरलेले दोन एका वेळी परदेशात असलेल्यांचे आहेत. शिवाय दूतावासांच्या माहितीची व्याप्ती युनेस्कोच्या व्याख्येपेक्षा मोठी आहे. कोणताही आकडा घेतला, तरी अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणातील २०२१-२२ची ४.३३ कोटी नोंदणी लक्षात घेता भारताचे प्रमाण दर शेकडा एक ते तीन यांच्या दरम्यान राहते. त्याच सर्वेक्षणानुसार भारतात शिकणारे परदेशी विद्यार्थी ४६,८७८ होते व त्यांत सर्वाधिक, म्हणजे चतुर्थांशाहून अधिक, नेपाळचे होते.

अमेरिकेत २०२३-२४ साली ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि भारताने चीनला मागे टाकले. यांत पदवी संपवून व्यावहारिक प्रशिक्षणाच्या परवान्यावर नोकरी करणारे सुमारे ९७,५०० जण समाविष्ट आहेत, हे मथळ्यांत सहसा सांगितले जात नाही. वैद्यकीय शिक्षणासाठी जाणाऱ्यांचा प्रवाह वेगळा असून तो रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, फिलिपिन्स व चीन या देशांकडे जातो. देशातील शासकीय महाविद्यालयांतील मर्यादित जागा आणि खाजगी महाविद्यालयांचे शुल्क ही त्याची कारणे आहेत. २०२२ साली युक्रेनवरील आक्रमणानंतर तेथून परत आणलेल्या २२,५००हून अधिक भारतीयांत बहुसंख्य वैद्यकीय विद्यार्थी होते. या प्रवाहाचे आकारमान त्या वेळी प्रथमच सर्वसामान्यांच्या लक्षात आले.

देशांतर्गत तुलनेतही मापाचा प्रश्न उभा राहतो. २०१८ ते २०२० या काळात आंध्र प्रदेश, पंजाब व महाराष्ट्र ही राज्ये अग्रभागी होती आणि पंजाब व महाराष्ट्र यांचे आकडे एकमेकांच्या जवळपास होते. २०११च्या जनगणनेनुसार पंजाबची लोकसंख्या २.७७ कोटी व महाराष्ट्राची ११.२४ कोटी आहे. म्हणजे लोकसंख्येच्या मानाने पंजाबातून जाणारे महाराष्ट्राच्या सुमारे चौपट ठरतात. प्रवाहांचे स्वरूपही सारखे नाही. पंजाबातील अनेक तरुण बारावीनंतर कॅनडातील पदविका अभ्यासक्रमांकडे जात. तेलुगू भाषक राज्यांतून अभियांत्रिकीचे पदवीधर पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेला जातात.

महाराष्ट्रात परदेशी शिक्षणाची परंपरा जुनी आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. अशा शिष्यवृत्त्यांच्या जागा जाणाऱ्यांच्या एकूण संख्येपुढे अगदी थोड्या आहेत. उरलेले बहुसंख्य कुटुंबाची बचत, शैक्षणिक कर्ज किंवा स्थावर तारण यांवर अवलंबून असतात. त्यामुळे ‘राज्यातून इतके विद्यार्थी परदेशी गेले’ या आकड्यात कोणत्या आर्थिक स्तरातील किती, हे दिसत नाही.

आकडेवारीतील उणिवा

परदेशी शिकणाऱ्यांची मोजणी मूळ देश करीत नाही, यजमान देश करतात; मूळ देशाचा आकडा त्यांची बेरीज करून मिळतो. एखाद्या यजमान देशाने मूळ देशानुसार तपशील न दिल्यास तेवढे विद्यार्थी कोणाच्याच खात्यावर पडत नाहीत. संपन्न देशांची नोंद काटेकोर आणि इतरांची अपुरी असल्याने श्रीमंत देशांकडे जाणारा प्रवाह कागदावर ठळक दिसतो, तर विकसनशील देशांमधील आपसातील देवाणघेवाण फिकी पडते. निर्वासित विद्यार्थ्यांमुळेही आकडे फुगतात. तुर्कस्तानातील विद्यापीठांत शिकणारे अनेक सीरियन तरुण शिक्षणासाठी नव्हे, तर युद्धामुळे तेथे आलेले आहेत.

यजमान देशांची धोरणे व परतीचा प्रश्न

२००४ साली अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया व जपान या सहा देशांत मिळून जगातील सुमारे दोन तृतीयांश गतिशील विद्यार्थी होते. पुढे कॅनडा, रशिया, चीन, तुर्कस्तान, मलेशिया यांच्याकडे ओघ वाढून ही मक्तेदारी सैल झाली. २०२४ साली इंग्रजी भाषक यजमान देशांनी निर्बंध वाढवले. कॅनडाने त्या वर्षासाठी शिक्षण-परवान्यांवर मर्यादा घालून सुमारे ३५ टक्के कपात जाहीर केली. ब्रिटनने बहुतेक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना कुटुंबीय सोबत आणण्यास मनाई केली. ऑस्ट्रेलियाने विद्यार्थी व्हिसाचे शुल्क ७१० डॉलरवरून १,६०० डॉलर केले. अशा बदलांचा भार सर्व प्रदेशांवर सारखा पडत नाही. नायजेरियातून ब्रिटनला जाणाऱ्या विवाहित पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कुटुंबबंदी जाचक ठरली आणि त्याच सुमारास झालेल्या नैराच्या अवमूल्यनामुळे शुल्कही आवाक्याबाहेर गेले.

गेलेल्यांपैकी परत किती आले, हे बहिर्गामी प्रमाणाच्या कोणत्याही सूत्रात येत नाही. चीनने मात्र अशी नोंद ठेवली आहे. तेथील शिक्षण मंत्रालयाच्या माहितीनुसार १९७८ ते २०१९ या काळात ६५.६ लाख विद्यार्थी बाहेर गेले, त्यांपैकी ४९ लाखांचे शिक्षण पूर्ण झाले व ४२.३ लाख मायदेशी परतले. शिक्षण पूर्ण केलेल्यांत परतणाऱ्यांचे हे प्रमाण ८६ टक्के येते. हा सरासरी आकडा चार दशकांचा आहे आणि परतणाऱ्यांतील मोठा भाग २०१०नंतरचा, म्हणजे चीनमधील वेतन व संशोधनाच्या संधी वाढल्यानंतरचा आहे.